वरच्या मजल्यावरचा हस्की आणि खालची तुळस

*ताई, आम्ही धायरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या दिवाळीपासून आमच्या बरोब्बर वर एक तरुण जोडपं भाड्याने आलंय, दोघंही आयटीत. त्यांच्याकडे हस्की आहे. सकाळी पावणेदहाला ते दार ओढून गेले की दहा मिनिटांत तो सुरू होतो. भुंकणं कमी, रडणंच जास्त. लांबलचक हेल काढतो. मधेमधे थांबतो, पण संध्याकाळी साडेसातपर्यंत हेच. मी घरून काम करते. सासऱ्यांची नुकतीच बायपास झालीय, त्यांची दुपारची झोप गेली. कुत्र्याला गॅलरीत बांधून ठेवतात आणि रविवारी गॅलरी धुतात तेव्हा ते पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि तुळशीवर. एकदा जिन्यात बोलले, तर म्हणाले, ‘आम्ही असतो तेव्हा तर एकदम शांत असतो.’ पोलीस चौकीत गेले, तिथे ‘सोसायटीत मिटवा’ म्हणाले. सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, वार्षिक सभेत कुत्रेबंदीचा ठरावच करून टाकू, पहिली सही तुमची. शेजारच्या काकांनी जो उपाय सुचवला तो इथे लिहीतही नाही. मी कुत्र्यांच्या विरोधात नाही हो, पण आता डोकं उठलंय. तक्रार नक्की कुठे करू?*
*– स. कु., धायरी, पुणे*

काकांचं आधी उरकून टाकते. त्यांचा उपाय काय असेल ते न लिहिताही कळलं, कारण असा एक काका बहुतेक सोसायट्यांत असतो. त्यांना एवढंच सांगा, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालणं, मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वरच्यांवर कुठलं कलम लागेल यावर वकील वाद घालत बसतील. काकांवर कुठलं लागेल यात काही वाद नाही.

आता अध्यक्षांचा ठराव. त्यावर सही करू नका, पहिली नको आणि शेवटचीही नको. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून सांगितलंय, की पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, ठराव बहुमताने झाला तरीही नाही. कुत्रा भुंकतो हे बंदीचं कारण होऊ शकत नाही, हेही त्यात आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघांचे असे नियम बेकायदाच ठरवले. तो निकाल आपल्याकडे जसाच्या तसा बांधील नसला, तरी समोरचा वकील पहिला तोच काढणार. म्हणजे ठराव टिकायचा नाही. त्याहून वाईट म्हणजे, तुमची साधी, खरी तक्रार त्या ठरावाखाली गाडली जाईल. सभेत ‘कुत्रेवाले’ आणि ‘कुत्रेविरोधी’ असे दोन गट पडतील, कुणीतरी गणपतीतल्या ढोल-ताशांचा विषय काढेल, आणि पावणेदहा ते साडेसात तुमच्या डोक्यावर जे चाललंय त्याबद्दल चकार शब्द निघणार नाही.

मी अकरा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, त्यामुळे हे ऐकीव नाही. आमच्याकडे ‘लिफ्टमध्ये कुत्र्यांना मनाई’ अशी पाटी मी स्वतः लावली होती, चांगली निळ्या अक्षरांत रंगवून घेऊन. तीन आठवड्यांत वकिलाचं पत्र आलं आणि ती पाटी मलाच स्क्रू काढून उतरवावी लागली.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘भुंकणं कमी, रडणंच जास्त.’ हस्की ही सैबेरियातली, बर्फावरून गाड्या ओढणारी जात. दिवसभर पळायचं आणि कळपात राहायचं, हा तिचा जन्माचा शिरस्ता. त्याला पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत साखळीला बांधून दहा तास एकटं ठेवलं तर तो हेल काढणार नाही तर काय करणार? माणसं गेल्यावर दहा मिनिटांत सुरू होणं, माणसं असताना शांत असणं, ही एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्याची अगदी नेहमीची लक्षणं आहेत. म्हणजे ‘आम्ही असतो तेव्हा शांत असतो’ असं ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नसणार.

आमच्या जिन्यात असंच झालं होतं. वरच्या बाईंना कितीही सांगितलं तरी पटेना, ‘आमचा मोती? शक्यच नाही.’ शेवटी मी आठवडाभर मोबाइलवर आवाज टिपला आणि एका रविवारी त्यांच्याकडे गेले. चहा आला. मी मोबाइल टीपॉयवर ठेवून आवाज लावला. बाई पहिल्या मिनिटाला हसत होत्या, तिसऱ्या मिनिटाला कप खाली ठेवला. आणि सोफ्याखाली झोपलेला मोती स्वतःचाच आवाज ऐकून ताडकन उठला आणि मोबाइलवर भुंकायला लागला. पुढचं बोलणं मला फारसं करावंच लागलं नाही.

तर तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. दोन आठवडे एक वही ठेवा. ‘रोज दिवसभर रडतो’ असं लिहू नका, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. असं लिहा: ‘मंगळवार. ९.५५ ते १०.३० सलग. मग शांत. ११.१० ला कुरिअरवाल्याने बेल वाजवली, पुन्हा वीस मिनिटं. १.४० ते २.२५, बाबा उठून बसले.’ ज्या दिवशी गप्प होता तो दिवसही लिहा. वही खरी वाटते ती त्या दिवसांमुळे. आवाज टिपताना तुमच्या घराचं दार-खिडकी बंद ठेवून टिपा, म्हणजे बंद घरात किती येतो ते कळेल. मोबाइलवर डेसिबल दाखवणारी अ‍ॅप असतात, त्यांच्या आकड्यांवर फार विसंबू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे खरी. पण ते नियम भोंगे, कारखाने, फटाके डोळ्यांपुढे ठेवून झालेत. एका घरातल्या कुत्र्यासाठी मीटर घेऊन कुणी तुमचा जिना चढेल, अशी आशा धरू नका.

मग वर जा. जिन्यात नको. जिन्यातलं बोलणं भांडणातच जातं, कारण एकाच्या हातात पिशव्या असतात आणि दुसऱ्याला लिफ्ट धरायची असते. रविवारी अकराच्या सुमारास, आधी मेसेज करून, शक्यतो यजमानांना घेऊन जा. ‘तुमच्या कुत्र्याचा त्रास होतो’ असं न म्हणता ‘तुम्ही गेल्यावर तो फार रडतो हो, तुम्हाला कल्पना नसेल’ असं म्हणा, आणि आवाज ऐकवा. करण्यासारखं बरंच आहे आणि ते त्यांच्या हातात आहे. सकाळी निघण्याआधी त्याला चांगलं तासभर पळवून आणणं. गॅलरीऐवजी आत, पंख्याखाली, मोकळं ठेवणं. दुपारी फिरवायला कुणी माणूस लावणं, नाहीतर दिवसभरासाठी कुत्र्यांच्या पाळणाघरात सोडणं. पुण्यात अशी पाळणाघरं आता पुष्कळ झालीत. एकटं राहायची सवय हळूहळू लावता येते: किल्ल्या उचलून दोन मिनिटं बाहेर, परत आत, मग पाच मिनिटं, मग पंधरा. पशुवैद्य किंवा चांगला प्रशिक्षक हे शिकवतो. भुंकला की झटका देणारा गळपट्टा मात्र कुणी सुचवला तर तुम्हीच विरोध करा. भीतीने रडणाऱ्याला झटके देऊन भीती जात नाही.

आणि त्यांना पुरेसा वेळ द्या, तीन आठवडे तरी. पण तारीख ठरवून.

गॅलरीच्या पाण्यासाठी मात्र तीन दिवसही थांबायचं कारण नाही. तो मुद्दा पूर्ण वेगळा ठेवा. ‘आणि शिवाय’ म्हणून रडण्याच्या शेपटाला बांधू नका. कुत्र्याच्या मुताचं पाणी बायपास झालेल्या माणसाच्या घरात कपड्यांवर पडतं, यात दुसरी बाजू असायला जागाच नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, किंवा गॅलरीच्या मोरीला उतार आहे की नाही ते बघून दुरुस्त करायचं, एवढंच. पाणी पडत असतानाचा एक फोटो पुरतो.

तारीख उलटली आणि फरक पडला नाही तर कागदाला सुरुवात. पहिला अर्ज सोसायटीच्या समितीला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट आहे, की सभासदाने आपल्या गाळ्यात, म्हणजे फ्लॅटमध्ये, इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, किंवा करू देऊ नये. ‘करू देऊ नये’ हे तुमच्या कामाचं, कारण वरचे भाडेकरू आहेत. अर्ज द्या तो गाळ्याच्या मालकाचं नाव घालून, प्रत भाडेकरूंना. भाडेकरूंशी सोसायटीचं थेट नातं नसतं, मालकाशी असतं. आणि मालकाला कळलं की बरीच चक्रं फिरतात. अशा अर्जावर समितीने पुढच्याच बैठकीत निर्णय घेऊन पंधरा दिवसांत कळवायचा असतो. अध्यक्षांना ठरावाची हौस आहे ना, मग म्हणावं हे करा आधी.

अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर सही-शिक्क्यासह पोच घ्या. ‘व्हॉट्सॅपवर टाकलंय’ याला अर्ज म्हणत नाहीत.

आता तुम्ही विचारलंत ते, सरकारी दारं. महापालिकेपासून सांगते, कारण लोक ते विसरतात आणि थेट पोलिसांकडे धावतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो. भाड्याने राहणाऱ्या तरुण मंडळींकडे हा परवाना पुष्कळदा नसतोच, बऱ्याच जणांना असं काही असतं हेही माहीत नसतं. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन या पत्त्यावरच्या कुत्र्याचा परवाना आणि लसीकरण आहे का, याची तपासणी मागता येते, आणि त्यातच घाण पाण्याची तक्रार जोडता येते. आवक क्रमांक टिपून ठेवा. परवाना नाही म्हणून कुत्रा उचलून नेत नाहीत, ती भीतीही घालू नका; नोटीस येते, परवाना काढावा लागतो. पण त्या निमित्ताने कुणीतरी अधिकारी दारात उभा राहतो, आणि जे काम शेजाऱ्याच्या दहा विनंत्यांनी होत नाही ते पुष्कळदा त्या एका भेटीने होतं.

पोलिसांनी तुम्हाला परत पाठवलं, त्याचा राग समजतो. पण त्यांचीही एक बाजू आहे, आणि ती कळली तर पुढच्या वेळी रिकाम्या हाताने परत यावं लागणार नाही. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता गेली आणि न्याय संहिता आली. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या मसुद्यांत अजून जुनी २६८ आणि २९० हीच कलमं असतात, ती उतरवून काढू नका. आता सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २७० मध्ये आणि शिक्षा २९२ मध्ये, ती म्हणजे हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा अदखलपात्र. त्यामुळे फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतात, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही. खरी गोम ‘सार्वजनिक’ या शब्दात आहे. आसपास राहणाऱ्या लोकांना सर्वसाधारणपणे त्रास होत असेल तरच ते कलम. एकाच घराला होत असेल तर तो दोन शेजाऱ्यांमधला खासगी उपद्रव, तो दिवाणी कोर्टाचा विषय. तुम्ही चौकीत एकट्या गेलात आणि ‘मला त्रास होतो’ म्हणालात, त्यामुळे ते ‘सोसायटीत मिटवा’ म्हणाले. वरच्या, खालच्या, शेजारच्या मिळून चार-पाच घरांच्या सह्या असलेला लेखी अर्ज, सोबत वहीची झेरॉक्स आणि सोसायटीच्या अर्जाची पोच, असं वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे दिलंत, की तीच गोष्ट वेगळी दिसते. बहुतेकदा एक हवालदार येऊन दोन्ही बाजूंना समज देतो. तेवढंच हवं असतं.

कलम २९१ हे निराळं आहे. तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, पण ते जनावराकडून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना मालकाने निष्काळजीपणा केला तर. तुमचा हस्की कुणाला चावलेला नाही, अंगावर आलेला नाही. ‘जास्त जोर यावा’ म्हणून ते अर्जात घुसडू नका. खोटा एक मुद्दा सापडला की खऱ्या चारांवरचा विश्वास उडतो.

ज्या कायद्याचा जोर तुमच्या बाजूने खरोखर आहे, तो बहुतेकांना कुत्रेवाल्यांचा कायदा वाटतो: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेची यादी आहे. जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं त्यात आहे. आणि खास कुत्र्यांसाठी एक वाक्य आहे: नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं. कुणीतरी तुमच्या वरची गॅलरी बघूनच लिहिलं असावं असं वाटतं. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. हसू नका, १९६० सालचे पन्नास आहेत ते, तेव्हापासून बदललेच नाहीत. दंडासाठी मी हे सांगत नाहीये. तुमच्या सोसायटीत कुत्रे पाळणारी जी पाच-सात घरं असतील ती ठरावाच्या दिवशी तुमच्याविरुद्ध उभी राहिली असती. ‘या कुत्र्याला एप्रिलच्या उन्हात दहा तास बांधून ठेवतात’ असा अर्ज केलात तर पहिल्या सह्या त्यांच्याच येतील. शब्द तेवढे नीट वापरा: दम देऊ नका, जे दिसतं ते लिहा. साखळी किती लांब, ऊन किती वाजता येतं, पाण्याचं भांडं आहे की नाही.

एवढ्यानेही नाही जमलं तर कोर्टाच्या आधी एक पायरी आहे. शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे दावा न लावता, दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. ते दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली महिलांना मोफत सल्ला आणि वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तुम्ही नोकरी करता म्हणून ‘आपल्याला कुठलं मिळायला’ असं समजू नका. दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मिळवता येतो, पण तोवर तो हस्की म्हातारा झालेला असेल.

एक मार्ग मी मुद्दामच सांगितला नाही, पण कुणीतरी सुचवेलच: मालकावर दबाव आणा, भाडेकरूंना घर खाली करायला लावा. होतं असं. मग दुसरं घर शोधताना ‘कुत्रा चालणार नाही’ ऐकून ऐकून काही जण कुत्र्याला रस्त्यावर सोडून मोकळे होतात. सोडून देणं हाही त्याच कलम ११ मधला गुन्हा आहे, पण सोडलेल्याला शोधत कोण फिरतं? आमच्या चौकात दोन वर्षांपूर्वी गळ्यात पट्टा असलेला एक लॅब्राडोर असाच आला होता. पंधरा दिवस प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या मागे धावायचा.

तुळशीचं कुंडं तेवढं आजच आतल्या बाजूला घ्या. आणि तीन पानी पत्रात तुम्ही त्या हस्कीचं नाव कुठेच लिहिलं नाहीत. वर जाल तेव्हा विचारून घ्या. दुपारी सुरू झाला की गॅलरीतून नावाने एक हाक मारून बघा, नेहमीच नाही पण कधीकधी गप्प बसतात. नाही बसला तर वहीत तेही लिहा, वेळेसकट.